हिरवी खूण आली, पण मेल गेला का? दिंडोरीतल्या एका पॅकहाऊसचं प्रकरण

दिंडोरी तालुक्यातलं एक द्राक्ष पॅकहाऊस. माल युरोपात जातो, न्हावाशेव्यावरून जहाजाने. मुख्य ऑफिस नाशिक शहरात, आणि शेतकरी दिंडोरी, निफाड, चांदवड अशा तीन तालुक्यांत विखुरलेले. गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबर छाटणी) झालेले प्लॉट जानेवारीपासून काढणीला यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत हा सगळा पसारा दिवसरात्र चालतो.

काढणीच्या आधी कंपनीचा सुपरवायझर प्लॉटवर जातो. मण्याची साइज मोजतो, रिफ्रॅक्टोमीटरवर शुगर बघतो, घडांचे फोटो काढतो आणि माल कोणत्या ग्रेडचा, काढणी कधी, ते ठरवतो. पूर्वी हे सगळं वहीत आणि व्हॉट्सॲपवर व्हायचं. पॅकहाऊसला माल आला की वाद सुरू. शेतकरी म्हणणार, "भाऊ, तुमच्याच माणसाने 18 एमएम लिहिलं होतं." ऑफिस म्हणणार, आमच्याकडे तर 16 आहे. फोटो कुठल्या तरी ग्रुपमध्ये, शे-दोनशे ‘गुड मॉर्निंग’च्या खाली गाडलेला. शिवाय तिकडच्या खरेदीदाराच्या क्वालिटी विभागाला प्रत्येक प्लॉटचा तपासणी अहवाल पीडीएफमध्ये, मेलवर हवा असतो. 2010 साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. तेव्हापासून या धंद्यात कागदाला फार किंमत आली. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवरची प्लॉटची नोंदणी आणि रेसिड्यूचे (औषधांच्या अंशांचे) रिपोर्ट ही वेगळी व्यवस्था. तिच्याशी या प्रकरणाचा संबंध नाही. इथे प्रश्न आहे तो कंपनीच्या स्वतःच्या अहवालाचा.

म्हणून त्यांनी एक अँड्रॉइड ॲप बनवून घेतलं. सुपरवायझरने प्लॉटवर उभं राहून माहिती भरायची, फोटो जोडायचे, ‘अहवाल पाठवा’ दाबायचं. ॲप बनवणारा मुलगा नाशिकचाच, एकट्याने कामं घेणारा, हुशार. मला बोलावलं तेव्हा ॲपचं दुसरं रूप चालू होतं आणि भर हंगामात सगळे एकमेकांवर वैतागलेले होते. मॅनेजरांची तक्रार एका वाक्याची होती: "ॲपवर हिरवी खूण येते, पण मेल येत नाही. आणि येतो तेव्हा तीन-तीनदा येतो."

पहिलं रूप: मेल ॲप उघडून देणं

आधी ॲपची मागची गोष्ट. पहिल्या रूपात त्या मुलाने अगदी नेमाचा रस्ता घेतला होता. अँड्रॉइडमध्ये एक ॲप दुसऱ्याला ‘इंटेंट’मार्फत काम सोपवतं. इथे आपलं ॲप जीमेलला सांगतं की हा पत्ता, हा विषय, हा मजकूर आणि ही पीडीएफ. जीमेल उघडतं, मेल भरलेला दिसतो, आणि ‘पाठवा’चं बटण वापरणाऱ्याने स्वतः दाबायचं. आयफोनवरही असंच आहे. तिथे ॲपला मेल लिहिण्याची खिडकी दाखवता येते, पण वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या खात्यावरून मेल सोडता येत नाही. ही अडचण नाही, मुद्दाम घातलेलं कुंपण आहे. कुठल्याही ॲपला आपल्या नावाने गुपचूप मेल टाकता आले असते तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघा.

पॅकहाऊससाठी मात्र हे कुंपण गैरसोयीचं ठरलं. सुपरवायझरच्या फोनवर त्याचं खासगी खातं. त्यामुळे अहवाल जायचा तो कुणाच्या तरी कॉलेजातल्या टोपणनावाच्या पत्त्यावरून, आणि खरेदीदाराचं उत्तरही त्याच पत्त्यावर परत यायचं. ते आठवडाभर तिथेच पडून. काहीजण जीमेल उघडलं की काम झालं समजून फोन खिशात टाकायचे, मेल ड्राफ्टमध्येच. काहींना ‘कशाने पाठवायचं’ अशी यादी यायची, त्यात व्हॉट्सॲपही असायचं, आणि बोट सवयीने तिकडेच जायचं.

सगळ्यात मोठी अडचण वेगळी होती. इंटेंटने मेल सोपवला की पुढे काय झालं हे ॲपला भरवशाने कळत नाही. पाठवला, रद्द केला, ड्राफ्टमध्ये ठेवला, तिन्हींचं उत्तर सारखंच. आयफोनची खिडकी निदान ‘पाठवला’ असं सांगते, पण त्याचाही अर्थ मेल फोनच्या आउटबॉक्सच्या रांगेत लागला, इतकाच.

मॅनेजर म्हणाले, "आमचा माणूस बागेत उभा असतो, हाताला चिकटा असतो. त्याला दोन-दोन बटणं कशाला? आपोआप जायला पाहिजे." मागणी रास्त होती. इथूनच वाट फिरली.

दुसरं रूप: फोनमध्येच पोस्ट ऑफिस

आपोआप मेल पाठवायचा म्हटलं की शोधणाऱ्याला पहिलं उत्तर मिळतं ते जावामेल लायब्ररीचं. ॲपने स्वतःच एसएमटीपी ही मेल पाठवण्याची भाषा बोलायची, म्हणजे जीमेलच्या सर्व्हरशी 465 किंवा 587 या पोर्टवर जोडून घ्यायचं, नाव-पासवर्ड द्यायचा आणि मेल सोडायचा. मधे जीमेल ॲप नाही, वापरणाऱ्याचं बटण नाही. कंपनीच्या नावाने एक साधं जीमेल खातं काढलं, त्याचे तपशील कोडमध्ये लिहिले, झालं.

जुन्या उदाहरणांतला कोड जसाच्या तसा चालत नाही, हे त्या मुलाला लगेच कळलं. मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा हलवणाऱ्या कामाच्या धाग्यावर, नेटवर्कचं काम केलं तर अँड्रॉइड ॲपच पाडतं. हा नियम अँड्रॉइड 3 पासूनचा. दुसरं म्हणजे, गूगलने साध्या पासवर्डने लॉगिन करू देणारी ‘कमी सुरक्षित ॲप्स’ची सोय अशा खात्यांसाठी 30 मे 2022 पासून बंद केली. आता द्वि-स्तरीय पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो. त्याने तोही काढला आणि घातला. ऑफिसच्या वायफायवर सुरेख चाललं. डिसेंबरमध्ये, चार प्लॉट तपासायचे होते तोपर्यंत.

जानेवारीत भार वाढला आणि एकेक करून गोष्टी सुटायला लागल्या. मी तक्रारींची वही मागितली. वही नव्हती, मॅनेजरांचा व्हॉट्सॲप होता. त्यातूनच पुढचं सगळं निघालं.

तीन-तीनदा येणारा मेल

याचं कारण मला आधी सापडलं, कारण ते जुनं आहे. एसएमटीपीत पाठवणारा शेवटी एका ओळीवर नुसता एक टिंब पाठवतो: मजकूर संपला. सर्व्हर तो मेल ताब्यात घेतो आणि 250 या आकड्याने पोच देतो. ही पोच येण्याच्या आत जोडणी तुटली तर काय? सर्व्हरच्या मते मेल स्वीकारला गेला. पाठवणाऱ्याच्या मते नाही. तो परत पाठवतो. नेमक्या याच प्रश्नावर 1988 साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला आरएफसी 1047 हा छोटा दस्तऐवज लिहिला गेला. पुढच्या आरएफसी 5321 मध्ये तर शेवटच्या टिंबानंतर पोचेची वाट दहा मिनिटं बघावी असं सांगितलंय. आपल्या ॲपमध्ये ती मर्यादा 15 सेकंदांची होती, आणि ती संपली की पुन्हा पाठवायचं.

आता हे वणीच्या पलीकडच्या एखाद्या बागेत लावून बघा. रेंज एक दांडी, तीही मांडवाखाली गेलं की जाते. पाच-सहा फोटोंची जड पीडीएफ वर चढायलाच वेळ लागतो. पोच येईपर्यंत 15 सेकंद उलटतात, ॲप पुन्हा सुरुवात करतं. शेतकऱ्याला एकच अहवाल तीनदा. त्यातला एक शेतकरी तर ऑफिसला येऊन म्हणाला, "साहेब, तीन अहवाल आले, मग तीन वेळा पैसे देणार का?" तेवढीच त्या आठवड्यातली करमणूक.

हिरवी खूण, मेल नाही

इथे दोन वेगळी कारणं एकात मिसळली होती.

पहिलं, ती खूण बटण दाबल्यावर लगेच उमटत होती. सर्व्हरची पोच आल्यावर नव्हे. म्हणजे तिचा अर्थ ‘सुरुवात केली’ एवढाच. मेल पाठवणारा थ्रेड मागे चालू असताना सुपरवायझर ॲप बंद करायचा, किंवा फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागची कामं थांबवायचा. अँड्रॉइड 6 पासून ‘डोझ’ आहेच, त्यावर काही कंपन्यांचे फोन आपली कात्री चालवतात. थ्रेड मेला की मेलही बुडाला, आणि पुन्हा प्रयत्न करायला कुठे नोंदच नाही.

दुसरं कारण पत्त्यांचं. शेतकऱ्यांचे मेल पत्ते सुपरवायझर तिथेच टाइप करायचे. ‘जीमेल डॉट कॉन’ असे पत्ते मी डोळ्यांनी पाहिले. चुकीच्या पत्त्यावर गेलेला मेल परत येतो, 550 (असा पत्ता नाही) सारख्या आकड्यासकट, पण तो परत येतो पाठवणाऱ्या खात्यावर. त्या खात्याची पेटी हंगामभर कुणी उघडलीच नव्हती. उघडली तेव्हा आत परत आलेल्या मेलचा ढीग होता, आणि त्याच ढिगात एका खरेदीदाराचे दोन प्रश्नही.

मग एक दिवस दुपारी सगळ्याच फोनवरचे मेल थांबले. ऑफिसातल्या कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ त्या जीमेल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला होता. चांगल्या हेतूने. पण मुख्य पासवर्ड बदलला की गूगल त्या खात्याचे सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. सर्व्हर प्रत्येक फोनला 535 (लॉगिन नामंजूर) म्हणून परत पाठवत होता, ॲप हिरवी खूण दाखवत होतं. नवा पासवर्ड कोडमध्ये घालून नवीन एपीके, म्हणजे ॲपची फाइल, बांधून ती प्रत्येक सुपरवायझरच्या फोनवर चढवायची, तीही हंगामात, तो कुठल्या बागेत आहे ते शोधून.

शिवाय मर्यादेचा प्रश्न होताच. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 500 जणांपर्यंत मेल जातो. आपल्याकडे प्रत्येक अहवाल चार पत्त्यांवर: शेतकरी, पॅकहाऊस, नाशिक ऑफिस, खरेदीदार. दिवसाला सव्वाशे प्लॉट झाले की संपलं. फेब्रुवारीच्या गर्दीत ते अशक्य नव्हतं, आणि पुन्हा-पुन्हा पाठवण्याने तो कोटा आणखी आधी संपत होता.

किल्ली

हे सगळं ऐकून मॅनेजरांचा सूर असा होता की ठीक आहे, दुरुस्त करा, वेळमर्यादा वाढवा, मोठं खातं घ्या. पैसे भरून घेतलेल्या खात्याला मर्यादा दिवसाला 2,000 असते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माझं म्हणणं वेगळं होतं, पण ते बोलून पटण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांच्याच फोनवरची एपीके लॅपटॉपवर घेतली आणि त्यांच्यासमोर उघडली.

एपीके म्हणजे मुळात झिप फाइल. तिच्यातला कोड वाचण्याजोगा करणारी जॅडएक्ससारखी साधनं फुकट मिळतात. शोधात ‘एसएमटीपी’ टाकलं. खात्याचं नाव आणि 16 अक्षरी पासवर्ड एकाखाली एक. त्या मुलाने कोड गुंडाळण्याचं साधन वापरलं होतं. पण ते नावं बदलतं, अवतरणातला मजकूर तसाच ठेवतं. पासवर्डचे तुकडे करून जोडले, उलटा लिहिला, सांकेतिक केला, तरी फोनला तो वापरताना मूळ रूपात आणावाच लागतो. जे फोनला कळतं ते फोन हातात असलेल्याला कळतं.

"पण मग काय," मॅनेजर म्हणाले, "फार तर आमच्या नावाने मेल पाठवेल."

तेवढंच असतं तर बरं होतं. जीमेलचा ॲप पासवर्ड फक्त पाठवायला लागत नाही. त्याच पासवर्डने आयमॅपने, म्हणजे मेल वाचण्याच्या रस्त्याने, पेटीही उघडते. पाठवलेलं, आलेलं, सगळं. म्हणजे कोणत्या शेतकऱ्याचा माल कोणत्या साइजचा, कोणता खरेदीदार काय विचारतोय, काढणी कोणत्या तारखेला आहे. हंगामाच्या मध्यात एक सुपरवायझर सोडून दुसऱ्या निर्यातदाराकडे गेला होता. त्याच्या फोनवर ॲप होतंच. त्याने काही केलं असं मी म्हणत नाही. तो तसा माणूसही नव्हता. पण कोल्ड स्टोरेजची एकच किल्ली, तिच्या प्रती सगळ्यांच्या खिशात, आणि सोडून जाणाऱ्याकडून ती परत घ्यायची सोयच नाही, अशी ती व्यवस्था होती. दुरुस्ती करायची तर सगळ्यांचंच कुलूप बदलावं लागतं, आणि कुलूप बदललं की काय होतं ते त्या दुपारी दिसलंच होतं.

त्या मुलाला दोष द्यायचा मोह सगळ्यांना झाला. मला तो पटला नाही. ‘ॲपमधून मेल कसा पाठवायचा’ असं विचारलं तर त्याने दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतंच. प्रश्न अर्धा होता. हा मेल पाठवतंय कोण? सुपरवायझर की कंपनी? सुपरवायझर पाठवत असेल तर त्याच्या मेल ॲपमधून, त्याने बटण दाबून जाऊ दे. कंपनी पाठवत असेल तर कंपनीच्या जागेवरून गेला पाहिजे, आणि फोन ही कंपनीची जागा नाही. अहवालावर ग्रेड लिहिलेली असते, तिच्यावर पैसे ठरतात. तो कंपनीचाच शब्द आहे.

मधला एक मार्ग तपासून सोडून दिला, तोही सांगतो. गूगलची जीमेल एपीआय, म्हणजे ॲपला जीमेलशी थेट बोलायची सोय, वापरून, सुपरवायझरच्या संमतीने त्याच्याच खात्यावरून, बटणाशिवाय मेल पाठवता येतो. पासवर्ड कुठेच ठेवावा लागत नाही. पण पाठवणारा पुन्हा तोच टोपणनावाचा पत्ता, आणि अशी परवानगी मागणाऱ्या ॲपची गूगलकडून पडताळणी करून घ्यावी लागते. ज्या ॲपचं कामच वापरणाऱ्याचा मेल हाताळणं आहे, त्याला हे शोभतं.

तिसरं रूप

फोनने मेल पाठवायचाच नाही असं ठरलं. त्याने नोंद पोहोचवायची.

सुपरवायझरने बटण दाबलं की अहवाल आधी फोनमधल्याच डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि त्याच क्षणी त्याला दुसऱ्या कुठल्याही अहवालाशी न जुळणारा ओळखक्रमांक मिळतो. मग वर्कमॅनेजर हे अँड्रॉइडचं स्वतःचं साधन पुढे घेतं. त्याला सांगितलेलं असतं की इंटरनेट असेल तेव्हाच हे काम कर. जमलं नाही तर तो 30 सेकंदांनी, मग त्याच्या दुप्पट वेळाने, मग आणखी दुप्पट असं थांबत थांबत प्रयत्न करतो. ॲप बंद झालं, फोन बंद होऊन चालू झाला, तरी काम विसरत नाही. फोनच्या बॅटरी-कात्रीपुढे त्याचंही काही वेळा चालत नाही, पण नोंद डेटाबेसमध्ये असल्यामुळे ॲप पुढच्या वेळी उघडलं की रांग परत हलते.

नोंद साध्या एचटीटीपीएसने कंपनीच्या छोट्या सर्व्हरवर जाते. सर्व्हर ओळखक्रमांक बघतो. तो आधी आलेला असेल तर ‘मिळालं’ म्हणतो आणि दुसरं काहीच करत नाही. रेंज गेली, पोच हरवली, फोनने तोच अहवाल पाच वेळा पाठवला, तरी मेल पाठवण्याचं काम रांगेत एकदाच लागतं. बागेतून येणारी दुबार पाठवणी तिथेच संपली.

एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. पहिल्या मसुद्यात फोन सर्व्हरला सांगत होता की ‘अमक्या पत्त्यावर, अमका विषय, अमका मजकूर पाठव’. वरवर ठीक दिसतं. पण मग ज्याच्या हातात ॲप आहे तो कंपनीच्या नावाने जगात कुणालाही काहीही पाठवू शकतो. पासवर्ड लपला, दार उघडंच. म्हणून आता फोन फक्त प्लॉट क्रमांक, मोजमापं आणि फोटो देतो. कुणाला पाठवायचं ते सर्व्हर आपल्या यादीतून काढतो, मजकूर आपल्या साच्यातून. प्रत्येक सुपरवायझरचं लॉगिन वेगळं. कुणी सोडून गेला की ऑफिसातून एक खूण काढायची, बाकीच्यांना कळतही नाही.

फोटोंचं वजनही इथेच उतरलं. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो तीन-चार एमबीचा; सहा फोटो म्हणजे वीसच्या आसपास. जोडलेली फाइल मेलमधून जाताना बेस64 या साध्या अक्षरांच्या रूपात बदलते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून 25 एमबीची मर्यादा दिसते त्यापेक्षा खूप आधी गाठली जाते. मण्याचा डाग दिसायला 1600 पिक्सेल पुरतात. ॲप फोटो आधी तेवढा करतं, मगच पाठवतं. मूळ फोटो रात्री वायफायवर सावकाश वर जातात, वाद झाला तर असावेत म्हणून.

पीडीएफ सर्व्हरवर बनायला लागली आणि एक जुनं दुखणं समोर आलं. फोनवर बनणाऱ्या पीडीएफमध्ये मराठी फुटायचं. ‘पिंपळगाव’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, ‘द्राक्ष’चा पाय मोडलेला. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररी अक्षरं एकामागून एक नुसती मांडतात. देवनागरीची जोडाजोड त्यांना येत नाही. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, आणि लोक त्यातच दिवस घालवतात. आम्ही अहवाल एचटीएमएलमध्ये बनवून सर्व्हरवरच्या क्रोमकडून पीडीएफ छापून घेतो. ब्राउझरला मराठी येतं.

विषयाच्या ओळीतही गंमत होती. मेलच्या शीर्षकातली देवनागरी आरएफसी 2047 प्रमाणे तुकडे करून सांकेतिक करावी लागते. एक तुकडा 75 अक्षरांचा. त्यात खुणांची भर वजा जाता यूटीएफ-8 चे (मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचे) 45 बाइट मावतात. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे पंधरा चिन्हं. पण शेतकऱ्याचं नाव, मोकळी जागा (स्पेस), प्लॉटचा आकडा असं मिसळलं की स्पेस आणि इंग्रजी आकडा एकेका बाइटचे, आणि पंचेचाळिसावा बाइट नेमका एखाद्या अक्षराच्या पोटात येतो. हाताने लिहिलेला कोड तिथेच कापायचा आणि ‘निफाड’मधल्या एखाद्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. हाताने कापायचा कोड काढून टाकला आणि लायब्ररीला यूटीएफ-8 सांगून विषय तिच्यावर सोपवला.

मेल जातो कुठून

सर्व्हरने स्वतः मेल सोडण्याऐवजी मेल पाठवणारी सेवा घेतली, ॲमेझॉनची एसईएस, मुंबई विभागातली. हजार मेलला दहा अमेरिकन सेंट, त्यामुळे खर्चाची चर्चा तिथेच संपली. नवीन खातं आधी चाचणीच्या कुंपणात असतं: दिवसाला 200 मेल, तेही पडताळलेल्या पत्त्यांवरच. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो आणि त्यात आपण कुणाला, का पाठवतो, परत आलेल्या मेलचं काय करतो हे लिहायचं असतं. हंगामाच्या आदल्या दिवशी उठून करण्याचं हे काम नाही.

खरा वेळ गेला डोमेनवर. मेल कंपनीच्या डोमेनवरून जायचे तर त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नोंदवहीत) एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी हव्यात. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने तर सगळ्याच पाठवणाऱ्यांना निदान एसपीएफ किंवा डीकिम सक्तीचं केलंय, आणि दिवसाला 5,000 च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही. नोंदी करणं दहा मिनिटांचं काम. पण डीएनएसचं लॉगिन कुणाकडे? ज्याने कधीकाळी वेबसाइट बनवली त्याच्याकडे. तो आता पुण्यात. त्याचा जुना नंबर बंद. शेवटी मालकांच्या मेव्हण्याच्या ओळखीतून तो सापडला आणि त्याने सज्जनपणे सगळं दिलं.

मिळाल्यावर त्या मुलाने एसपीएफची नवी नोंद जुन्याच्या शेजारी टाकली. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी चालत नाहीत. तपासणारा सर्व्हर दोन्हीपैकी एकही न मानता कायमची त्रुटी नोंदवतो. दोन्ही एकत्र करून एक केली. जुनीत वेबसाइटच्या होस्टचा उल्लेख होता, तो ठेवला, कारण साइटवरच्या चौकशी फॉर्मचे मेल तिथून निघतात.

आता पाठवणारा म्हणून कंपनीचा पत्ता, आणि उत्तराचा पत्ता ऑफिसातली क्वालिटी विभागाची पेटी, जी रोज उघडली जाते. सुपरवायझरचं नाव अहवालाच्या आत.

खुणांचं काय झालं

ॲपमध्ये आता तीन अवस्था दिसतात: फोनमध्ये आहे, ऑफिसला पोहोचला, मेल स्वीकारला गेला. तिसरी खूण एसईएसकडून कळवलं जातं तेव्हाच उमटते. पत्ता चुकला असेल तर लाल होते आणि सुपरवायझर तिथेच, शेतकरी समोर असताना, पत्ता विचारतो. याचा फायदा मी धरला होता त्याहून मोठा निघाला: पत्त्यांची यादी काही आठवड्यांत स्वच्छ झाली. ‘मेल स्वीकारला गेला’ म्हणजे वाचला असं नाही, आणि इनबॉक्समध्ये पडला असंही नाही. स्पॅममध्ये पडला तरी तो स्वीकारलेलाच असतो. हे मॅनेजरांना दोनदा सांगावं लागलं.

सुपरवायझर मंडळींचा पहिला सूर नाराजीचा होता. पूर्वी लगेच हिरवं व्हायचं, आता बागेत तासभर पिवळंच राहतं. "साहेब, आधीचं बरं होतं हो, लगेच जायचं." त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसानेच त्यांना गप्प केलं: "जात नव्हतं रे, नुसतं दिसत होतं."

इंटेंटचा पहिला मार्ग ॲपमधून पूर्ण गेलेला नाही. ‘अडचण कळवा’ या बटणामागे तोच आहे. सुपरवायझरला ॲपबद्दल काही सांगायचं असेल तर त्याचं मेल ॲप उघडतं, तो लिहितो, तोच पाठवतो. तिथे पाठवणारा तोच आहे, म्हणून तिथे तेच योग्य.

शेतकऱ्यांकडे मात्र मेल अजूनही फारसा उघडला जात नाही. पत्ता बहुतेकदा मुलाने काढून दिलेला असतो आणि मुलगा नोकरीला अंबडला किंवा पुण्याला. त्यांना हवा होता एसएमएस. तो भारतात व्यावसायिकरीत्या पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर कंपनीची आणि संदेशाच्या साच्याची नोंदणी लागते. मंजूर साच्यात न बसणारा संदेश अडवला जातो. मराठी साचा नोंदवला, त्यात प्लॉट, साइज, शुगर, ग्रेड आणि अहवालाचा दुवा. सर्व्हर मध्ये असल्यामुळे यासाठी ॲपला हात लावावा लागला नाही.

जुन्या एपीके अजून काही फोनवर असणार, म्हणून ते जीमेल खातं बंद न करता फक्त त्याचा ॲप पासवर्ड रद्द केला आणि पेटीतला पत्रव्यवहार ऑफिसच्या पेटीत हलवला. डीमार्कचं धोरण सध्या ‘काही करू नका, फक्त कळवा’ या पातळीवर आहे. रोज येणाऱ्या अहवालांत वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचे मेल डीकिमशिवाय जाताना दिसतात. ते एसईएसवर आणण्याचं काम ऑक्टोबर छाटणीच्या आधी करायचं ठरलंय. तोपर्यंत धोरण कडक करायचं नाही.